मी म्हणतो तेच खरं!

प्रश्न : ताई, आमच्या मिस्टरांचं कधीच काही चुकत नाही, म्हणजे असं ते स्वतःच म्हणतात. लेटेस्ट भांडण 26 जुलै 2005 वरून. ते म्हणतात अंधेरीच्या ऑफिसातून चालत निघालो आणि त्याच रात्री 2 वाजता ठाण्याला घरी पोचलो. मला लख्ख आठवतंय की हे दुसऱ्या दिवशी दुपारी आले, अंगात कुणाचातरी ढगळा शर्ट होता. भाचीच्या केळवणात चारचौघांत मी हे बोलले तर अजून धुसफूस चालूय. माझं चुकलं तर मी लगेच मान्य करते हो, पण चुकतच नाही त्याला काय करू? यांना पटवायचं कसं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अहो ताई, शेवटून दुसरं वाक्य परत एकदा वाचा बघू!

सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तो दिवस कोण विसरणार असं आपल्याला वाटतं, आणि खरी गोची तिथेच आहे. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर 73 सेकंदांत फुटलं, तेव्हा एमरी युनिव्हर्सिटीतल्या अल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी मुलांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. मग साधारण अडीच वर्षांनी त्यातल्या 44 जणांना तेच परत विचारलं तर 11 जणांचं एकही मुख्य उत्तर आधीच्याशी जुळेना, आणि तरी बरेच जण छातीठोकपणे सांगत होते. पुढची गंमत म्हणजे त्यांना स्वतःच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला तरी खरी आठवण काही परत आली नाही, डोक्यात नवीनच गोष्ट पक्की बसलेली. तेही अडीच वर्षांत, तुमच्या भांडणाला तर वीस वर्षांचा मुरांबा झालाय.

कारण आठवण कपाटातल्या फाइलसारखी जशीच्या तशी बाहेर येत नाही, दर वेळी ती नव्याने जुळवली जाते, आणि मिस्टरांनी तो किस्सा ऑफिसात, लग्नात, ट्रेनमध्ये किती वेळा रंगवला असेल, त्यात दुसऱ्या कुणाची रात्र मिसळली असेल तर त्यांनाही पत्ता नसणार. ते खोटं बोलत नाहीयेत. पण तुमचा तो शर्टही तसाच कुठून तरी आलेला असू शकतो, राग मानू नका.

करून बघायचं तर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा, एकमेकांचं न बघता, आणि मगच त्या वेळच्या शेजाऱ्यांना किंवा यांच्यासोबत निघालेल्या कलीगला फोन लावा, म्हणजे नंतर 'मी तेच तर म्हणत होतो' म्हणायची सोय उरत नाही. (हा फोन केळवणातून लावू नका.) पैसे, मुलांचं शिक्षण यातही ते तुमचं ऐकूनच घेत नसतील तर मामला वेगळा, ते डिटेलमध्ये लिहून पाठवा, बोलू.

आणि हा अंक मिस्टरांपुढे धरून 'बघा, छापून आलंय' म्हणणार असाल, तर तुमचंच बरोबर असं मी नेमकं कुठल्या ओळीत लिहिलंय तेही त्यांना दाखवा.