१२ मेगापिक्सेलनं ४५ला हरवलं?

प्रश्न : माझ्याकडे जुना निकॉन डी९० आहे, १२ मेगापिक्सेलचा. मित्रानं सेकंडहँड डी८५० घेतला, फुल फ्रेम (म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर मोठा), ४५ मेगापिक्सेल. दिवेलागणीनंतर आम्ही गोदाघाटावर एकाच पायरीवर उभं राहून फोटो काढले. मी ५० मिमी लेन्सवर एफ १.८ ठेवलं, त्याच्या २४-१२०वर एफ ४. शटर दोघांचं १/६० सेकंद, आयएसओ (चित्र किती उजळायचं तो आकडा) ऑटो. घरी येऊन संगणकावर १०० टक्के मोठं करून पाहिलं, तर माझा फोटो स्वच्छ आणि त्याचा दाणेदार! तो आता माझ्याशी धड बोलत नाही. नक्की कुणाचा कॅमेरा चांगला?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : आधी त्याला मिसळ खाऊ घाला. त्याच्यावर अन्याय झालाय, तोही दोनदा.

पहिला अन्याय प्रकाशाचा. एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं; एफ १.८ आणि एफ ४ यांत जवळजवळ पाचपट उजेडाचा फरक पडतो. तुमच्या कॅमेऱ्यानं आयएसओ ६४०च्या आसपास भागवलं असेल, त्याच्या कॅमेऱ्याला ३२००पर्यंत जावं लागलं असेल. फोटोची माहिती उघडून बघा, असंच काहीसं निघेल. त्याचा सेन्सर क्षेत्रफळानं तुमच्या सव्वादोनपट आहे खरा, पण पाचपट तोटा सव्वादोनपट फायद्यानं कसा भरून निघणार? दाणे मुख्यतः उजेड कमी पडला की येतात. त्या संध्याकाळी एकूण उजेड तुमच्याच कॅमेऱ्यात जास्त गेला. जिंकली ती तुमची ५० मिमी लेन्स.

दुसरा अन्याय त्या १०० टक्क्यांचा. साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर डी९०चा ४२८८ पिक्सेल रुंद फोटो पूर्ण आकारात, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर, उघडला, तर तो जवळजवळ चार फुटांचा होतो. डी८५०चा ८२५६ पिक्सेलचा फोटो होतो साडेसात फुटांचा. म्हणजे तुम्ही त्याचा दुप्पट मोठा बॅनर लावलात आणि दोन्हींना सारखंच नाक टेकवून पाहिलंत. दोन्ही फोटो एकाच रुंदीला आणा, मग बघा.

आता हीच परीक्षा घरात घ्या. घाटावर दिवे, गर्दी, पाणी सगळंच हलतं. रात्री पडदे ओढून एकाच दिव्याखाली टेबल मांडा. मी त्यावर पैठणीचा पदर, तांब्याचा तांब्या, बारीक अक्षरांचं पंचांग आणि काळी छत्री ठेवतो. जरीत आणि अक्षरांत बारकावे दिसतात, छत्रीच्या घडीत दाणे. एलईडी दिवा असेल तर शटर १/५० किंवा १/२५ ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो.

ट्रायपॉड हवाच. मेनूत ‘एक्स्पोजर डिले मोड’ चालू करा, म्हणजे आरसा वर गेल्यावर कॅमेरा क्षणभर थांबतो आणि मग शटर उघडतं. फोकस लाइव्ह व्ह्यूत (मागच्या पडद्यावर) मोठं करून हातानं लावा, आणि प्रत्येक वेळी नव्यानं लावून तीन-तीन फोटो काढा. त्यांतला सर्वांत धारदार तोच खरा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्थिरीकरण बंद.

आणि पंखा बंद! हे मी स्वानुभवानं सांगतो. एकदा शालीवर दोन लेन्सा तपासल्या. एकीत लोकर पुसट दिसली, म्हणून ती लेन्स भाच्याला मिळेल त्या किमतीला देऊन टाकली. महिन्याभरानं तेच फोटो परत पाहताना लक्षात आलं, शाल पुसट होती पण शेजारच्या पंचांगातलं ‘राहुकाळ’ अगदी कोरल्यासारखं होतं. शालीच्या गोंड्यांना पंख्याची झुळूक लागत होती. लेन्स अजून भाच्याकडेच आहे, आणि दर दिवाळीला तो ती मुद्दाम गळ्यात अडकवून येतो.

सेटिंगचं म्हणाल तर दोन फेऱ्या घ्या. पहिलीत अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) आणि शटर दोघांचं तेच. आयएसओच्या आकड्यावर विसंबू नका, दोन कॅमेऱ्यांत तोच आकडा तंतोतंत तेच सांगेल असं नाही. दुसऱ्या फेरीत चौकट आणि मागची धूसरता सारखी करा : तुमचा सेन्सर दीडपट अरुंद, म्हणून तुमचं ५० मिमी एफ ४, तर त्याचं ७५ मिमी एफ ६च्या जवळपास. इथं मोठ्या सेन्सरचा उजेडातला फायदा बराचसा विरघळतो, हे मित्राला बोलून दाखवायची गरज नाही. दोन्ही फेऱ्या रॉमध्ये (कॅमेऱ्यानं न सजवलेली मूळ फाइल), एकाच सॉफ्टवेअरमध्ये, दाणे पुसणारं नॉइज रिडक्शन शून्यावर आणि शार्पनिंग सारखं. जेपीईजीत कॅमेरा स्वतःच रंगरंगोटी करून देतो.

शेवटी ८ बाय १२चे प्रिंट काढा. लॅबवाल्याला ‘करेक्शन नको’ असं बजावून सांगा, नाहीतर तो प्रेमानं दोन्ही एकसारखे उजळून देईल. मागे पेन्सिलनं खूण करा, पत्ते पिसल्यासारखे पिसा आणि कॅमेऱ्यातलं काही न कळणाऱ्या माणसाला निवडायला लावा. आमच्याकडे हे काम सौ. करतात. ८ बाय १२ इंचांना ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय २४०० पिक्सेल पुरतात, तेवढे तुमच्या डी९०कडेही आहेत. तरी माझा अंदाज, पहिल्या फेरीत छत्रीच्या घडीत डी८५० सरस ठरेल. पैठणीत दोघांत फरक सांगणं सौ.नाही जड जाईल.

प्रश्न : मोबाइलची कॅमेऱ्याशी अशीच तुलना करता येईल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अर्धीच. मोबाइल बटण दाबताच बरेचदा अनेक फोटो घेतो आणि त्यांचा एक करतो. त्यामुळे सेन्सरला सेन्सर भिडवण्यात अर्थ नाही, हाती आलेले प्रिंट तेवढे शेजारी ठेवा. आणि त्याआधी मोबाइलची काच रुमालानं पुसा. निम्म्या वाचकांचे ‘धुरकट’ फोटो तिथंच सुधारतात.