“मोठेपणी मी व्हिलन होणार” म्हणणारा मुलगा

नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे आईबाबा हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बऱ्याचदा येतात, की मूल वाचतंय ह्याचा आनंद आहे पण वाचतंय काय तर सगळी व्हिलन पोरांची पुस्तकं. त्या विनोदी फँटसी असतात ना, हिरोच एक छोटा दुष्ट जादूगार नाहीतर राक्षसाची मुलगी, त्यांची दुष्टपणाची शाळा, तिथे कुणाला मदत केली की मार्क कापतात वगैरे, त्या. ह्याने मूल बिघडेल का?

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगा दहा वर्षांचा, शाळेत एकदम गुणी. आई त्याची वहीच घेऊन आली, वर लिहिलेलं “जग जिंकण्याचे प्लॅन, हात लावाल तर दगड व्हाल”. म्हणाली, मॅडम हा आरशासमोर उभा राहून राक्षसासारखं हसतो हो, आणि धाकट्या बहिणीला गुलाम नंबर एक म्हणतो. मी वही वाचली आणि मला हसू आवरेना. जगातल्या सगळ्या मुख्याध्यापकांच्या कोंबड्या करायच्या असा प्लॅन, पण मग त्यांना दाणे कोण घालणार ह्याचं टाइमटेबल, आणि रात्री थंडी वाजू नये म्हणून स्वेटर!

बाबांनी कुठेतरी वाचलेलं की मुलं बघतात तेच करतात. मानसशास्त्रज्ञ बांडुराचा 1961चा बाहुलीचा प्रयोग. तो खराच आहे, पण ती मुलं होती साधारण तीन ते सहा वर्षांची, त्यांच्यासमोर एक मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला बडवत होतं आणि नंतर त्यांना तशीच बाहुली मिळाली, तर बऱ्याच जणांनी तिला तसंच बडवलं. पुढे 1965मध्ये असंही दिसलं की त्या मोठ्या माणसाला शिक्षा होताना बघितली तर मुलं कमी नक्कल करतात. आणि ह्या पुस्तकांत तर व्हिलन दर दोन पानांनी तोंडघशी पडतो.

माझ्या मते मुद्दा वयाचा आहे. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे ह्या मानसशास्त्रज्ञाने 1932च्या पुस्तकात मुलांना विचारलेला एक प्रश्न आहे, एका मुलाकडून चुकून 15 कप फुटले, दुसरा गुपचूप जॅम काढायला गेला आणि 1 कप फुटला, जास्त खोडकर कोण? लहान मुलं बऱ्याचदा 15वाला म्हणतात, नऊ-दहाच्या आसपास हेतू बघायला लागतात. ह्याला विचारलं तर म्हणाला, “जॅमवाला. पण व्हिलन म्हणून अगदीच फालतू, एकच कप?” म्हणजे बरोबर काय ते ह्याला पक्कं माहितीये, म्हणून तर उलटं केलं की हसू येतं. हेतू वाईट पण घडलं भलतंच चांगलं, ह्या गोष्टींचा सगळा विनोद त्यावरच चालतो, आणि ह्याच वयात तो खरा कळायला लागतो.

मग मी विचारलं, व्हिलन असण्यात भारी काय आहे? जादू, किल्ला, ड्रॅगन असं काहीतरी येईल असं वाटलेलं. तर म्हणाला, “व्हिलनला सॉरी म्हणावं लागत नाही.”

इथे खरी केस सुरू झाली. घरात भांडण कुणीही काढलं तरी तू मोठा ना, तू समजूतदार ना, म्हण सॉरी. सतत शहाणं असण्याचा कंटाळा आलेला त्याला, आणि वाईट वागायला सेफ जागा एकच होती, ती वही. त्यामुळे पुस्तकं बंद करू नका हे मी स्पष्ट सांगितलं, उलट सोबत वाचा आणि विचारा की इथे तू काय केलं असतंस. आणि वही त्याला न विचारता वाचू नका. सॉरी म्हणायला लावायच्या आधी काय झालं ते दोघांकडून ऐकायचं, एवढं एकच होमवर्क दिलं, आईबाबांना.

काळजी कधी करायची? प्राण्यांना किंवा मुलांना खरोखर इजा करणं, मुद्दाम तोडफोड, चोऱ्या, आग लावणं, समोरचा रडतोय ह्याची मजा वाटणं, हे वारंवार दिसत असेल तर वाट बघू नका, तज्ज्ञांकडे जा, मग मूल काहीही वाचत असो. वहीतल्या कोंबड्या त्यात येत नाहीत.

काही दिवसांनी आईचा फोन, आवाज वैतागलेला, मॅडम आता तो उलट बोलतो, बहिणीशी तोंडावर भांडतो, माझी चूक नाही म्हणून पाय आपटतो. म्हटलं, छान चाललंय की.