वाचक विचारतात : जुना कीपॅड फोन आणि त्याच नावाचा नवा

जुन्या बटणांच्या मोबाइल फोनविषयी आणि त्यांच्या नावाने पुन्हा बाजारात आलेल्या फोनविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांनी २००२ साली घेतलेला नोकिया ३३१० त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी कपाट आवरताना सापडला. आत सिम कार्ड आहे, पण फोन चालू होत नाही. याच नावाचा नवा फोन मधल्या काळात बाजारात आला होता, तो कुठेतरी मिळाला तर घे, असे भाऊ सुचवतो. जुना दुरुस्त करावा की नवा घ्यावा? दोन्ही एकच आहेत का? (एक वाचिका, मिरज)

उत्तर : आधी त्या फोनमधले सिम कार्ड बॅटरीच्या मागून अलगद काढून जपून ठेवा. ३३१० मध्ये नावे आणि क्रमांक साठवायला फोनची स्वतःची जागा नव्हती. सगळे फोनबुक सिम कार्डावरच असे. आपल्या वडिलांनी कोणाचे नाव कसे लिहून ठेवले होते, कोणाला ‘अण्णा’ म्हटले होते, दूधवाल्याचा क्रमांक कोणत्या नावाने ठेवला होता, हे सारे त्या प्लास्टिकच्या लहानशा तुकड्यावर असण्याची दाट शक्यता आहे. क्रमांक बंद झालेला असला तरी कार्डावरची नावे बहुधा वाचता येतात. आलेले काही संदेशही त्यावर सापडू शकतात. मोठे सिम बसणारा कोणताही चालू साधा फोन घ्या, त्यात ते कार्ड घाला आणि नावे फोनच्या मेमरीत उतरवून घ्या. नव्या फोनच्या खाचेत बसावे म्हणून ते कार्ड कापून मात्र घेऊ नका. पिन विचारला गेला तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका, कारण तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड कुलूपबंद होते आणि बंद पडलेल्या क्रमांकासाठी ते कुलूप उघडणारा संकेतांक मिळवणे फार अवघड जाते.

आता फोनविषयी. इतकी वर्षे पडून राहिलेला ३३१० चालू न होण्याचे सर्वांत संभवनीय कारण म्हणजे मृत बॅटरी. मूळ बॅटरी ९०० एमएएच क्षमतेची, निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची होती आणि ती एवढ्या काळात टिकणे शक्य नाही. तिच्या मापाच्या पर्यायी बॅटऱ्या अजून शोधल्यावर सापडतात. चार्जर ‘जाड पिन’चा लागेल, पुढे आलेला ‘बारीक पिन’चा नोकिया चार्जर थेट त्यात बसत नाही. बॅटरी बदलूनही फोन उठला नाही तर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा, पण ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असे त्याने म्हटले तर आधी नकार द्यावा. सापाच्या खेळातले वडिलांचे सर्वाधिक गुण आणि त्यांनी बसवलेली एखादी रिंगटोन फोनच्या आतच साठवलेली असते. सॉफ्टवेअर नव्याने भरताना ते पुसले जाण्याचा धोका आहे.

दोन्ही फोन एकच नाहीत. मूळ ३३१० सप्टेंबर २००० मध्ये जाहीर झाला आणि जगभरात त्याचे सुमारे १२ कोटी ६० लाख नग विकले गेले. वजन १३३ ग्रॅम, ८४ बाय ४८ ठिपक्यांचा एकरंगी पडदा, कॅमेरा नाही, इंटरनेट नाही. याच नावाचा नवा फोन एचएमडी ग्लोबल या कंपनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसच्या वेळी दाखवला. तो भारतात मे २०१७ मध्ये आला, तेव्हा त्याची किंमतही ३,३१० रुपयेच ठेवली होती. २.४ इंची रंगीत पडदा, २ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १२०० एमएएचची बॅटरी आणि ऐंशी ग्रॅमच्या आत वजन. जुन्याची गोलसर ठेवण, मधले बटण आणि सापाचा खेळ यांची आठवण करून देईल असे त्याचे रूप होते. त्याखेरीज आतले काहीही जुने नव्हते.

एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक वाटते. ‘जुन्या फोनची बॅटरी आठवडाभर चालायची’ असे आपण सगळेच म्हणतो आणि ते खोटे नाही, परंतु ती चालायची याचे मोठे कारण म्हणजे आपण फोनवर बोलतच कमी होतो. मूळ ३३१० ची बोलण्याची क्षमता कंपनीच्या माहितीप्रमाणे अडीच ते साडेचार तासांची होती. नव्याची २२ तासांची सांगितली गेली. म्हणजे यंत्र म्हणून नवा फोन जुन्यापेक्षा कितीतरी सरस होता.

तरीही माझा सल्ला जुना फोन राखण्याचाच आहे. आपल्याला हवे आहेत ते वडिलांचे हात लागलेले, घासून अक्षरे पुसट झालेले बटण आणि त्यांनी लिहिलेली नावे, आणि ती कोणत्याही नव्या फोनमध्ये येणार नाहीत. रोजच्या वापरासाठी साधा फोन हवा असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुढच्या पत्राला दिले आहे.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे. स्मार्टफोन तिला झेपत नाही. पूर्वी तिच्याकडे नोकिया ३२१० होता. त्याच नावाचा नवा फोन निघाला आहे आणि त्यावरून पैसेही पाठवता येतात असे वाचले. तो घ्यावा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : घ्यावा, पण नावाकडे पाहून नव्हे. मूळ ३२१० हा १९९९ सालचा. बाहेर डोकावणारी अँटेना नसलेला आणि तरी सामान्यांच्या आवाक्यातला फोन म्हणून तो गाजला. त्याचा नवा अवतार मे २०२४ मध्ये जाहीर झाला आणि पुढच्याच महिन्यात तो ३,९९९ रुपयांना भारतात आला. त्यात १४५० एमएएचची बॅटरी, टाइप-सी चार्जिंग, २ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि टॉर्च आहे. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की तो ४जी वर चालतो.

हे महत्त्वाचे अशासाठी की जिओचे जाळे मुळात २जी वर चालतच नाही. २०१७ साली आलेला नवा ३३१० सुंदर होता, परंतु तो केवळ २जी फोन असल्यामुळे जिओचे सिम घातलेल्या माणसाच्या हातात तो मुका राहत असे. हौसेने फोन घेऊन आलेल्या अनेकांना हे घरी आल्यावर कळले. म्हणून आईचे सिम कोणत्या कंपनीचे आहे आणि आपल्या गावात, घराच्या आतल्या खोलीत, त्या कंपनीची रेंज कशी आहे, हे आधी पाहावे. रत्नागिरीच्या डोंगरउतारावर एका वाडीत रेंज असते आणि शेजारच्या वाडीत नसते, हे आपल्याला सांगायला नको.

पैसे पाठवण्याची यूपीआय सोय भारतात विकल्या गेलेल्या नव्या ३२१० मध्ये आहे. मात्र फोनमध्ये ती सोय नसली तरी मार्ग आहेत. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ ही व्यवस्था सुरू केली. इंटरनेटशिवाय, एका क्रमांकावर फोन करूनही त्यातून व्यवहार करता येतो. आईच्या मुख्य खात्याऐवजी थोडी रक्कम असलेले वेगळे खाते त्याला जोडावे आणि पिन फोनवर कोणालाही सांगायचा नाही, हे तिला शांतपणे, एकदा नव्हे तर चारदा समजावावे.

व्हॉट्सॲप आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल या दोन गोष्टी या फोनवर होणार नाहीत. आईला त्या हव्या असतील तर साधा फोन तिच्यावर लादू नये; तो निर्णय तिला करू द्यावा. आणि दुकानात तिला सोबत न्यावे. बटणे दाबायला कठीण वाटतात का, पडद्यावरची मराठी अक्षरे चष्म्याशिवाय दिसतात का, समोरच्याचा आवाज पुरेसा मोठा येतो का, हे तिच्याच हाती फोन देऊन पाहावे.

प्रश्न : नोकिया कंपनी बुडाली असे ऐकले होते. मग नोकियाच्या नावाने हे फोन कोण काढते? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : कंपनी बुडाली नाही, तिने फोनचा धंदा विकला. सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार झाला आणि एप्रिल २०१४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. आपल्याकडे चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा मोठा कारखाना या व्यवहारात गेला नाही आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बंद पडला; हजारो कामगारांची, त्यातही तरुण मुलींची, उपजीविका त्यावर अवलंबून होती. फोनच्या आठवणी काढताना ही बाजू सहसा कोणी सांगत नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने साध्या फोनचा व्यवसाय विकला आणि फिनलंडमध्येच स्थापन झालेल्या एचएमडी ग्लोबलला नोकियाचे नाव परवान्यावर वापरण्याचा हक्क मिळाला. मूळ नोकिया आज दूरसंचार जाळ्यांची यंत्रसामग्री बनवते.

एचएमडीने ३३१० नंतर ८११०, २७२०, ५३१०, ६३१० आणि ३२१० अशी जुनी नावे एकामागून एक परत आणली. मोटोरोलानेही तेच केले: २००४ चा पातळ घडीचा रेझर २०१९ मध्ये दुमडणाऱ्या पडद्यासह परतला आणि भारतात त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. जुने नाव सर्वांच्या ओळखीचे असल्यामुळे नव्या वस्तूची ओळख करून देण्याचा बराच खर्च वाचतो. त्यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही, मात्र गिऱ्हाइकाने नावाचे आणि वस्तूचे पैसे वेगवेगळे मोजून पाहावेत.

प्रश्न : ते फोन खरोखरच इतके चांगले होते, की आपले वय झाले म्हणून ते चांगले वाटतात? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काही बाबतींत खरोखर चांगले होते. जाड प्लास्टिकचे कवच, लहान पडदा आणि पडल्यावर सुटे होऊन आघात वाटून घेणारी झाकण-बॅटरी, यांमुळे ते हातातून निसटले तरी पुन्हा जोडून चालू करता येत. २००३ सालच्या नोकिया ११०० ला धूळ आत जाऊ नये असा कीपॅड आणि माथ्यावर टॉर्च होती. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. आमच्या घरी तो होता. भारनियमनाच्या त्या वर्षांत संध्याकाळी दिवे गेले की कंदील शोधण्याआधी माझे वडील खिशातून ११०० काढत, आणि त्या उजेडात आई कणीक मळणे पुरे करी. टॉर्च आजच्या प्रत्येक फोनमध्ये आहे, तरी त्या उजेडाची आठवण मला आजच्या फोनवर येत नाही.

परंतु ज्या गोष्टी आपण फोनच्या म्हणून आठवतो, त्यांतल्या बऱ्याचशा दराच्या होत्या. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली तेव्हा मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. १ मे २००३ पासून येणारे फोन मोफत झाले. करण्याच्या फोनला पैसे लागतच राहिले आणि त्यातून ‘मिस कॉल दे’ ही पद्धत रुजली. एक मिस कॉल म्हणजे एसटी स्टँडवर उतरलो, दोन म्हणजे घ्यायला ये. हे संकेत घराघरांत वेगळे होते आणि त्या त्या घरालाच ते कळत.

लिहिण्याचेही तसेच. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरे सात बिटांत बसतात म्हणून ती १६० येतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागतात म्हणून ७० च. त्यातही मात्रा वेगळी मोजली जाते: ‘मी पोहोचलो’ एवढ्याला मधली मोकळी जागा धरून दहा चिन्हे खर्च होतात. शिवाय त्या काळच्या बहुतेक फोनांवर देवनागरी लिहिण्याची सोयच नव्हती. म्हणून आपल्या एका संपूर्ण पिढीने आपली प्रेमपत्रे, भांडणे आणि दिवाळीच्या शुभेच्छा रोमन लिपीतल्या मराठीत लिहिल्या. मला त्या काळाविषयी कितीही माया असली तरी ही उणीव मी विसरू इच्छित नाही. आज साडेतीन-चार हजारांच्या साध्या फोनवर माझी भाषा माझ्या लिपीत वाचता येते, आणि या एका बाबतीत नवा अवतार मला जुन्यापेक्षा अधिक आपला वाटतो.

प्रश्न : माझ्याकडे नोकियाचे चार जुने फोन आहेत, सगळ्यांना बीएल-५सी बॅटरी लागते. दोन बॅटऱ्या फुगल्या आहेत. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फुगलेल्या दोन्ही बॅटऱ्या आजच फोनमधून काढा. त्या चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबून सपाट करू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, आणि तोवर धातूच्या वस्तूंपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. बीएल-५सी आजही सहज मिळते, कारण लहान रेडिओ आणि स्पीकर बनवणाऱ्यांनी तेच माप उचलले. मात्र अगदी स्वस्तातली, नाव नसलेली बॅटरी घेऊ नये. याच बॅटरीच्या एका जपानी पुरवठादाराने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख नगांबाबत नोकियाने २००७ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. चार्ज होताना त्या तापण्याचा संभव होता. आपल्या जुन्या बॅटऱ्यांपैकी एखादी त्या काळातली असेल तर ती फुगलेली नसली तरी वापरू नये. चांगल्या बॅटऱ्या फोनपासून वेगळ्या, साधारण निम्म्या चार्जवर ठेवाव्यात आणि दर काही महिन्यांनी पाहून थोड्या भराव्यात.