जुन्या प्रवाळांवरून प्राचीन समुद्र आणि भूगोल खरंच कळतो, की सगळं अंदाजपंचे दाहोदरसे?

"समुद्रापासून हजार किलोमीटर लांब प्रवाळांचे जीवाश्म सापडले की तिथे उथळ, कोमट समुद्र होता असं ठोकून देतात. एका दगडावरून एवढं कसं कळतं?" असा तुमचा प्रश्न. त्यातलं 'ठोकून देतात' वाचलं आणि आमचे थोरले दीर डोळ्यांसमोर उभे राहिले. म्हणून लिहायला बसले, नाहीतर रविवारी दुपारी मी झोपते.

मी पुण्यात भूविज्ञानात एम.एस्सी. केलं. मला बघायला आलेल्या मंडळींत हे भाऊजी होते. पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी विचारलं होतं, "दगडांचा अभ्यास करून पुढे काय करतात?" तेव्हा मी "फोडतात" असं म्हणाले नाही, याची चुटपुट मला बावीस वर्षं आहे. लग्न करून मिशिगनला आले आणि नोकरी धरली ती आकडेमोडीची, दगडाचा संबंध नाही. म्हणजे त्यांचंच खरं झालं, असं ते धरून चालतात.

सहा वर्षांपूर्वी जुलैत भाऊजी आणि जाऊबाई महिनाभर आमच्याकडे आले. नायगारा झाला, शिकागो झालं. मग मी हट्टाने त्यांना उत्तरेला पेटॉस्की गावी नेलं. गाडीने चार तास. पोचल्यावर समोर लेक मिशिगन, थंडगार वारा आणि काठावर गोट्यांचा खच. भाऊजी पँट दुमडून उभे. "हे बघायला आलो?"

मी काही बोलले नाही. मुठीएवढा एक राखाडी दगड उचलला. वाळलेला होता, खडीच्या ट्रकमधून सांडल्यासारखा दिसत होता. पाण्यात बुडवून काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. राखाडीवर षट्कोनांची जाळी उमटली होती. प्रत्येक षट्कोनाच्या मधोमध गडद ठिपका, आणि ठिपक्यापासून कडेपर्यंत निघालेल्या बारीक रेघा, केसासारख्या. जाऊबाई म्हणाल्या, "अगंबाई, मधाचं पोळं!" वाऱ्याने दगड दोन मिनिटांत वाळला आणि जाळी पुसट होत गेली. भाऊजींनी तो पुन्हा बुडवला. मग आणखी एकदा. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, पाच-सहा वेळा तोच दगड ओला करून बघत होता. मला त्या क्षणी एम.एस्सी. वसूल झाल्यासारखं वाटलं.

हा पेटॉस्की दगड म्हणजे हेक्सागोनारिया नावाच्या प्रवाळाची वसाहत. प्रत्येक षट्कोन हे एका जीवाचं घर, मधला ठिपका त्याच्या तोंडाची जागा, रेघा म्हणजे घरातले उभे चुनखडी पडदे. डेव्होनियन काळातला, साधारण साडेअडतीस कोटी वर्षांपूर्वीचा. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी मूळ खडकातून उपटून सगळीकडे पसरवला. 1965 पासून तो मिशिगनचा अधिकृत राज्यदगड आहे, आणि सरकारी जमिनीवरून माणशी वर्षाला पंचवीस पौंडांपर्यंतच गोळा करता येतो. जाळी दिसली की लगेच पेटॉस्की म्हणू नका. घरं बारीक आणि आत रेघा नाहीत, तर तो फॅव्होसाइट्स, वेगळ्याच गटातला प्रवाळ.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मी उत्साहाने सांगायला लागले की हे सगळं उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी होतं. भाऊजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे मिशिगन पूर्वी मुंबईसारखं उष्ण होतं. आपोआप थंड झालं. मग आता दोन अंश वाढले तर एवढी बोंबाबोंब कशाला?"

तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. प्रवाळ सापडला, म्हणजे फार तर ती *जागा* उष्ण होती एवढंच कळतं. ती का उष्ण होती, हे प्रवाळ सांगत नाही. दोन शक्यता: सगळी पृथ्वीच तापलेली होती, किंवा ती जमीनच तेव्हा दुसरीकडे होती. मिशिगनच्या बाबतीत मोठा वाटा दुसऱ्या कारणाचा. डेव्होनियन काळात हा सगळा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. मी भाऊजींना म्हटलं, "इथे उष्ण नव्हतं. तेव्हा 'इथे' हे इथे नव्हतंच."

"कुणी बघितलं?"

कुणी नाही. पण मोजता येतं. खडक तयार होताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे बसतात. विषुववृत्तावर चुंबकसुई आडवी राहते, ध्रुवाकडे जाल तशी खाली झुकते. त्या काळच्या खडकांतला हा झुकाव मोजला की अक्षांश निघतो, आणि त्यासाठी प्रवाळाची गरजही लागत नाही. दोन साक्षीदार, एकमेकांना न भेटलेले, आणि जबानी जुळते. आजचं पेटॉस्की 45 अंश उत्तरेला आहे. एवढं अंतर साडेअडतीस कोटी वर्षांत कापायचं तर सरासरी वेग वर्षाला दोन सेंटीमीटरच्या आसपास पडतो, नखं वाढतात त्याहूनही कमी. (वाट सरळ नव्हती, हे धरून चाला.)

तिसरा साक्षीदार आमच्या पायाखाली आहे. डेट्रॉइट शहराच्या खाली साधारण बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे. पेटॉस्कीच्या प्रवाळांच्याही आधीच्या, सिल्युरियन काळातल्या समुद्राचं पाणी आटून साचलेलं हे मीठ. समुद्र आटायला कडक ऊन आणि कोरडी हवा लागते. आणि आता ते मीठ हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकतात. त्याच मिठाने माझ्या गाडीचा पत्रा दरवर्षी गंजतो, म्हणून हा पुरावा मला तोंडपाठ आहे.

यावर भाऊजींनी शस्त्र बदललं. "मी चौतीस वर्षं धरणांचे पाये खोदलेत. मुरूम पाहिला, काळा पाषाण पाहिला. एक शिंपला सापडला नाही." कसा सापडेल? दख्खनचा तो दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा. लाव्ह्यात प्रवाळ शोधणं म्हणजे तव्यावर मासे शोधणं. सह्याद्रीत प्रवाळांचे जीवाश्म मिळत नाहीत याचा अर्थ समुद्राच्या गोष्टी खोट्या, असा होत नाही. कच्छला जा, तिथे जुरासिक काळातले प्रवाळ मिळतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. दगडावरून समुद्र कसा वाचतात? एकट्या प्रवाळावरून नाहीच वाचत, सोबतच्या मंडळींवरून वाचतात. चुनखडकात गाळ किती, प्रवाळ उभा आहे की उलटा पडलाय (उलटे पडलेले खूप असतील तर वादळाने लोळवलेत), आजूबाजूला कुणाचे शिंपले आहेत. वसाहतीचा आकारही बोलतो: लाटा झेलणारे ठेंगणे आणि गोलसर, शांत पाण्यातले फांद्यांचे, अंधुक उजेडातले पसरट. शिवाय कोणती जात कुठवर पसरली यावरून समुद्र कुठे जोडलेले आणि कुठे तुटलेले होते ते कळतं. डेव्होनियनच्या सुरुवातीच्या काळात पूर्व अमेरिकेतल्या प्रवाळांच्या कितीतरी जाती युरोपात नाहीतच, म्हणजे मधे काहीतरी आडवं होतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो पुरावा वेगळाच आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉन वेल्स यांनी तो 1963 मध्ये नेचर नियतकालिकात मांडला. प्रवाळाच्या बाहेरच्या सालीवर अतिशय बारीक आडव्या रेघा असतात, दिवसाला एक. वर्षाचे जाड पट्टे वेगळे दिसतात. आजच्या प्रवाळात वर्षाच्या पट्ट्यात साधारण 360 रेघा मिळतात. डेव्होनियन प्रवाळात त्यांनी मोजल्या तर सुमारे 400 भरल्या. म्हणजे वर्षात चारशे दिवस! पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला लागणारा वेळ बदलला नाही असं धरलं, तर दिवसच लहान असणार. तासांचा हिशोब मांडा: 8766 भागिले 400, जवळजवळ बावीस तास. चंद्राच्या ओढीमुळे भरती-ओहोटीचं घर्षण होतं, त्याने पृथ्वीच्या भिंगरीला ब्रेक लागतो, दिवस लांबतो. खगोलवाल्यांचा वेगळा हिशोब होता, लाख वर्षांत साधारण दोन सेकंद. साडेअडतीस कोटी वर्षांना तो लावून पाहा. 7700 सेकंद, म्हणजे दोन तासांच्या थोडं वर. चोवीसातून वजा केले की पुन्हा बावीसच. पुढच्याच वर्षी कॉलिन स्क्रटन यांनी डेव्होनियन प्रवाळांत महिन्याचे पट्टेही दाखवले, वर्षाला तेरा.

हे मी हॉटेलच्या बिलाच्या मागे लिहून दाखवलं. भाऊजींनी भागाकार स्वतः तपासला, खात्यातली सवय. मग म्हणाले, "चारशे रेघा मोजणारा माणूस रिकामटेकडा असणार." हार मान्य करायची त्यांची ही पद्धत.

आता खरं सांगायचं तर काही बाबतीत भाऊजी पूर्ण चूक नव्हते, आणि त्या रात्री मी ते कबूल केलं नाही. एक म्हणजे डेव्होनियनमध्ये पृथ्वी खरंच आजच्यापेक्षा उबदार होती. जमीन सरकली हे मोठं कारण, पण एकमेव नाही. दुसरं, हेक्सागोनारियाचा सगळा गट 25 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या अखेरीस नामशेष झाला. आजचे प्रवाळ त्यांचे वंशज नव्हेत. आजच्या खडकबांध्या प्रवाळांना साधारण 18 अंशांच्या वरचं पाणी लागतं, म्हणून त्या जुन्या प्रवाळांनाही तेच लागत होतं, असं सरळ म्हणता येत नाही. त्यांच्या पोटात आजच्यासारखं शैवाल होतं का यावर अजून भांडणं चालू आहेत. आणि आजही नॉर्वेच्या किनाऱ्यापुढे, खोल काळोख्या थंड पाण्यात प्रवाळांचे मोठाले ढीग आहेत. प्रवाळ दिसला की कोमट समुद्र, असं कुणी नुसत्या एका नमुन्यावरून म्हणालं तर तुमचा 'ठोकून देतात' हा शब्द तिथे लागू आहे. रेघा मोजण्यातही मोजणाऱ्याची नजर येतेच. वेल्स यांचे आकडे 385 ते 410 असे पसरलेले होते.

आणि नावाला तर अजिबात भुलू नका. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाग आहे, तिथल्या चुनखडकाला जुन्या भूवैज्ञानिकांनी 'कोरलाइन लाइमस्टोन' म्हटलं. नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र आत शिरला होता याचा तो उत्तम पुरावा आहे, पण त्यात मुख्यतः प्रवाळ नाहीतच, ब्रायोझोआ नावाचे वेगळेच जीव आहेत. दिसायला जाळीदार, म्हणून नाव पडलं ते पडलं. इंदूरकडची मंडळी 'आमच्याकडे प्रवाळांचा दगड आहे' म्हणून फोटो पाठवतात, त्यांना मी भिंग घ्या म्हणते.

तर तुमच्या घरातही असा एखादा दोन अंशवाला असेल (प्रश्नाच्या सुरावरून मला ती शंका आहे), तर त्याच्याशी 'पूर्वी उष्ण होतं की नव्हतं' यावर वाद घालू नका. तिथे तुम्ही अडकाल, कारण उष्ण होतंच. वेगाबद्दल विचारा. मिशिगनला कोट्यवधी वर्षं मिळाली, प्रवाळांना सरकायला, बदलायला, मरायलासुद्धा ऐसपैस वेळ होता. आपण शे-दीडशे वर्षांत उरकतोय. मला हे सुचलं परतीच्या वाटेवर, तोवर भाऊजी मागच्या सीटवर घोरत होते. त्यानंतर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ते तीनदा लिहिलं. उत्तरात हात जोडलेले आले.

तो मुठीएवढा दगड भाऊजी साताऱ्याला घेऊन गेले. विमानतळावर सामान जास्त भरलं तेव्हा जाऊबाईंनी चॉकलेटं काढली, दगड काढू दिला नाही. सासूबाईंनी तो काय आहे ते विचारलं. समुद्रातला आहे म्हटल्यावर त्यांनी तो देवघरात शाळिग्रामाशेजारी ठेवला. शाळिग्राम तरी काय, हिमालय वर येण्याआधीच्या टेथिस समुद्रातला अमोनाइटच, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या एका नामशेष सागरी जीवाचा जीवाश्म. सासूबाई गेल्यापासून पूजा भाऊजी करतात. ताम्हनात पळीभर पाणी पडलं की जाळी उमटते, पुसून ठेवला की जाते. मागच्या महिन्यात सकाळी सकाळी व्हिडिओ कॉल आला. हातात ओला दगड, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरलेला. म्हणाले, "अगं, एका घराला पाचच बाजू आहेत. हा दुसरा कुठला आहे का?"

नाही, तोच आहे. शेजाऱ्याने रेटलं की घर पाचकोनी होतं.