ताळेबंदातली येणी

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडून बसले. ‘आमचा चार एकर ऊस आहे, वडील कारखान्याचे सभासद आहेत, मग ऊसतोड मजुरांच्या हक्कांवर मी कोणत्या तोंडाने काम करू?’ एलएलएम कुठे करावं, परदेशी जावं का, पोटापुरतं मिळतं का, हे बाकीचे प्रश्न सोपे आहेत. त्यांच्याकडे नंतर येते.

मी मानवी हक्क शिकवायला म्हणून या पेशात आले नाही. सुरुवातीची सहा वर्षं तासिका तत्त्वावर करार कायदा आणि कंपनी कायदा शिकवला. वीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेने सोलापूर जिल्ह्यातल्या उसाच्या एका फडावर नेलं. त्यांना फक्त करारपत्रं वाचून देणारं कुणीतरी हवं होतं. थंडीचे दिवस होते. एक बाई मोळ्या बांधत होती, नवरा पुढे तोडत चालला होता, आणि पाचटावर अंथरलेल्या लुगड्यावर मूल झोपलेलं. मी तिला विचारलं, ‘तुमचा मालक कोण?’ ती म्हणाली, ‘मुकादम.’ मजुरांची टोळी आणणारा तो मुकादम म्हणाला, ‘मी कसला मालक, मला गाडीवाल्यानं पैसे दिले.’ गाडीवाल्याने कारखान्याचं नाव घेतलं. कारखान्यातले शेतकी अधिकारी फार सौजन्याने बोलले, चहा पाजला आणि म्हणाले, ‘मॅडम, आमचा करार वाहतूकदाराशी. त्या मजुरांशी आमचा काही संबंध नाही.’

संध्याकाळी मुकादमाने नोटरी दाखवली. शंभराच्या स्टँप पेपरवर उचलीची, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांची रक्कम, नवऱ्याचा अंगठा, दोन साक्षीदार, आणि खाली ‘कोयता १’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुला सांगायला नको. मी तो कागद तीन वेळा वाचला. करारातले पक्षकार कोण, मोबदला कुणाला, हे मी वर्गात इतक्या वेळा शिकवलं होतं. सकाळी माझ्या डोळ्यांदेखत मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं. निम्मं काम तिचं. कर्जात ती आहे, करारात नाही.

माझं सगळं काम त्या कागदातून निघालं. ‘आमचा काही संबंध नाही’ हे वाक्य कोण म्हणतं, कोणत्या कायद्याच्या आधाराने म्हणतं, आणि ते खरं नाही हे कोणत्या कागदावरून दाखवता येतं, एवढंच मी आयुष्यभर करत आले.

हे वाक्य तुला सगळीकडे भेटेल. भोपाळ घे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायू सुटला तेव्हा तिथल्या कंपनीचे ५०.९ टक्के समभाग अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडकडे होते. तरीही ती म्हणत राहिली की भारतीय कंपनी वेगळी आणि आम्ही वेगळे. भारत सरकार पीडितांच्या वतीने न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. तिथे मार्क गॅलंटर या कायद्याच्या अमेरिकन प्राध्यापकांनी प्रतिज्ञापत्र दिलं की भारतातली न्यायव्यवस्था एवढा खटला पेलू शकणार नाही. कार्बाइडच्या बाजूने आपले नामवंत वकील नानी पालखीवाला यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की ती नक्की पेलेल. १२ मे १९८६ ला न्यायाधीश कीनन यांनी खटला भारतात पाठवला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि ती रक्कम वाढवून मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. ही दोन प्रतिज्ञापत्रं मी दर वर्षी वर्गात समोरासमोर ठेवते. आपल्या देशाच्या कोर्टांविषयी अभिमानाने लिहिलेला मजकूर कुणाच्या कामी आला, हे बघून मुलं गप्प होतात. तू पुढे कुणासाठी मत लिहून देशील तेव्हा हे आठव. मत खरं असणं पुरत नाही, ते कुणाच्या हातात जाऊन काय करणार आहे हेही पाहावं लागतं.

आता दुसरी बाजू. झांबियातल्या चिंगोला भागातले १,८२६ गावकरी ब्रिटनमध्ये नोंदलेल्या वेदांता कंपनीविरुद्ध लंडनच्या कोर्टात गेले. तांब्याच्या खाणीचं सांडपाणी नदीनाल्यांत गेलं आणि पाणी, शेती नासली, अशी त्यांची तक्रार होती. खाण झांबियातली कंपनी चालवते, आमचा संबंध नाही, हे उत्तर तिथेही होतं. गावकऱ्यांच्या वकिलांनी वेदांताचेच छापील अहवाल पुढे केले. जगभरच्या आमच्या खाणींवर आमची देखरेख आहे, पर्यावरणाचे निकष आम्ही ठरवतो, असं त्यांत कंपनीने स्वतःच मिरवलं होतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ च्या निकालात त्याच मजकुराचा आधार घेतला आणि खटला इंग्लंडमध्ये चालू शकतो असं सांगितलं. पुढे २०२१ मध्ये जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली. पण कंपनीचे शब्द कंपनीला लागू पडले. गुंतवणूकदारांसाठी गुळगुळीत कागदावर छापलेल्या पुस्तिकेतला एक परिच्छेद शेतकऱ्यांच्या उपयोगी पडला.

म्हणून माझा पहिला सल्ला: हिशेब वाचायला शीक. मानवी हक्कांचे जाहीरनामे तू वाचशीलच, ते अवघड नाहीत. कंपनी कायदा, सहकार कायदा, करार आणि विमा ही रुक्ष बाजू पक्की कर. एखाद्या सीएकडे दोन महिने बैस आणि ताळेबंद कसा वाचतात ते बघ.

इथेच तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर आहे. सर्वसाधारण सभेआधी तुझ्या वडिलांकडे कारखान्याचा वार्षिक अहवाल येतो. आमच्याकडेही यायचा, माझे काका सभासद होते. त्यात पुढे अध्यक्षांचे फोटो, मनोगत, गाळपाचे आकडे. ते सोडून मागच्या पानांवर जा. मालमत्ता आणि येणी या बाजूला कुठेतरी ‘तोडणी-वाहतूक ॲडव्हान्स’ अशी ओळ सापडेल. काही लाखांची नव्हे, बहुधा काही कोटींची. हे पैसे कारखान्याने वाहतूकदारांना दिले, त्यांनी मुकादमांना, मुकादमांनी उचल म्हणून बीड-जालन्यातल्या घरांत. हंगामात ते कामातून फिटतात, न फिटलेले पुढच्या वर्षी चढतात. फडावरच्या त्या माणसाचा अंगठा या ओळीत आहे. ज्यांच्याशी काही संबंध नाही असं शेतकी अधिकारी मला म्हणाले, त्यांच्या अंगावरचं कर्ज कारखान्याच्या ताळेबंदात येणं म्हणून बसलेलं असतं, आणि सभेत हात वर करून सभासद ते मंजूर करतात.

वडिलांना आरोपी करून मात्र सुरुवात करू नकोस. त्यांच्या उसाच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो. वर टोळीला खुशाली म्हणून वेगळे पैसे द्यावे लागतात, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरावं लागतं, तोड लांबली की वजन घटतं. त्यांचाही हंगाम या साखळीत अडकलेला असतो. पण कापलेल्या पैशातले त्या बाईपर्यंत किती पोहोचतात, हे विचारण्याचा हक्क ज्यांना आहे त्यांत ते आहेत. मी बाहेरची बाई. मला चहा देऊन परत पाठवता येतं, सभासदाला नाही. तू कोणत्या तोंडाने काम करशील विचारतेस. सभासदाच्या मुलीच्या तोंडाने कर. ते तोंड माझ्याकडे कधीच नव्हतं आणि त्याची उणीव मला वीस वर्षं जाणवली.

कायद्यात काय धरायचं तेही सांगते. राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं आणि ते खासगी माणसांवरही लागू आहे. दिल्लीतल्या एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरच्या मजुरांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल मुळातून वाच. तीन समाजशास्त्रज्ञांनी कामाच्या जागी जाऊन पाहणी केली, आणि तिच्या आधारे एका संघटनेने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली. मजुराची रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे होती आणि मजूर पुरवणारा जमादार त्यातला एक रुपया दलाली म्हणून कापत होता. न्यायालय म्हणालं की किमान मजुरीपेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरीच, कारण भूक हीसुद्धा सक्ती आहे. तो एक रुपया आणि मुकादमाचं कमिशन शेजारी ठेवून बघ.

व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं २०११ ची. जॉन रगी यांनी ती तयार केली, आणि ते वकील नव्हते, राज्यशास्त्राचे अभ्यासक होते. एकूण ३१ तत्त्वं आहेत. तेरावं पाठ कर: स्वतः नुकसान केलं नसलं तरी व्यावसायिक संबंधांतून आपल्या मालाशी थेट जोडलेलं नुकसान टाळण्याचा किंवा कमी करण्याचा प्रयत्न करणं कंपनीची जबाबदारी आहे. याने कोर्टात कुणाला खेचता येत नाही, आणि त्यावरून या तत्त्वांना दात नाहीत असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते. आता म्हणत नाही. साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीसमोर बसल्यावर तेराव्या तत्त्वाने निदान ‘संबंध नाही’ हे उत्तर तरी टेबलावरून उचललं जातं. मग पुढचं बोलणं सुरू होतं.

एखाद्या नव्या कायद्याच्या भरवशावर मात्र करिअर रचू नकोस. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कंपन्यांवर पुरवठा साखळी तपासण्याचं बंधन घालणारा निर्देश काढला तेव्हा माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्याचे कोर्स केले. २०२५ मध्येच त्याची अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलली गेली आणि तो सैल करायला घेतला. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. सहकारी कारखाना शेअर बाजारात नसतो, त्यामुळे तो त्यात येतच नाही.

आता एक गोष्ट, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. नोकरीत स्थिरावल्यावर एका निर्यातदार कंपनीने मला तिच्या पुरवठादारांच्या तपासणीवर मत द्यायला बोलावलं. पैसे चांगले होते, मुलीची फी भरायची होती. अहवालात ‘मजुरांशी संवाद साधण्यात आला’ असं वाक्य होतं. मी त्या संवादाला हजर होते. सुपरवायझर दारात उभा होता, बायका एकेक करून येत होत्या आणि ‘सगळं चांगलं आहे’ म्हणून जात होत्या. एक जण बोलता बोलता त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. मला कळलं होतं. तरी मी सही केली, कारण वाक्य खोटं नव्हतं. पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागून अडीचशेवर माणसं मेली. त्या कारखान्याला काही आठवडे आधीच एसए ८००० हे कामगार-कल्याणाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या कागदावरही माझ्यासारख्या कुणाची तरी सही असणार. तेव्हापासून मजुरांशी बोलायचं तर त्यांच्या कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, अंधार पडल्यावर, मुकादम नसताना, आणि बाईंशी बाईनेच.

तशाच बोलण्यातून खाड्याचा अर्थ मला कळला. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, त्याचे पैसे उचलीत चढतात. पाळी असो, बाळंतपण असो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सगळी चर्चा डॉक्टरांवर झाली, आणि ती व्हायला हवीच होती. पण मी करार शिकवणारी बाई. मला त्यात खाड्याची अट दिसते, कुठेही न लिहिलेली आणि सगळ्यांना पाठ असलेली. पीएचडीचा विषय शोधत असशील तर हा घे.

यश किती मिळेल विचारलंस. गुजरातेतल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी, बुधा इस्माईल जाम आणि त्यांच्या साथीदारांनी, औष्णिक वीज प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँक गटातल्या संस्थेवर अमेरिकेत खटला भरला. अशा संस्थांना खटल्यांपासून सरसकट संरक्षण नाही, असा निकाल २०१९ मध्ये त्यांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयातून सात विरुद्ध एक असा मिळवला. पुढे खालच्या कोर्टांत त्यांचा दावा टिकला नाही. कायदा बदलला आणि मासे परत आले नाहीत, हे दोन्ही खरं आहे. हे पचवता येत असेल तरच ये.

पैशाचं: पहिली पाच-सहा वर्षं ओढाताणीची जातील, घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. एलएलएम इथे केलंस तरी चालेल. परदेशी गेलीस तर स्कॉलरशिपवर जा, कर्ज काढून नको. कर्ज असलं की सही करावीशी वाटते.

यंदाचा अहवाल घरी आला की ताळेबंदाच्या पानांचा फोटो काढून पाठव. मागच्या तीन वर्षांचे सापडले तर तेही. सभेची नोटीस आली की तारीख कळव. सभासदाला लेखी प्रश्न आधी द्यावा लागेल, तो कसा मांडायचा ते फोनवर ठरवू. वडिलांशी मात्र त्याआधी तूच बोल.

तुझी,
मॅडम