पॅड आपोआप वाजतोय? आधी स्टँड बघा, सर्व्हिस सेंटर नंतर

तुमचं वर्णन वाचलं आणि माझाच जुना वैताग आठवला. तुम्ही लिहिता, घरी सॅम्पलिंग पॅड (रबरी चौकोनांवर स्टिक मारली की आत भरलेले आवाज, म्हणजे सॅम्पल, वाजवणारं यंत्र; एकेका चौकोनालाही पॅडच म्हणतात) शहाण्यासारखा वाजतो. स्टेजवर टॉम ड्रम ज्या पाइपच्या सांगाड्यावर बसतात त्या रॅकला लावला की किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मारल्याबरोबर वरच्या रांगेतल्या पॅडवरचा टाळीचा आवाज आपोआप वाजतो. शिवाय लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा रेकॉर्ड केलेला तुकडा) दरवेळी किंचित मागे पडतो. आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय की मेन बोर्ड बदला. बोर्डाला एवढ्यात हो म्हणू नका.

आधीच सांगतो, मी ड्रमर आहे, इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, त्यामुळे मेनूतली नावं थोडी इकडची तिकडे होतील. सॅम्पल भरणं, किट (कोणत्या पॅडवर कोणता आवाज ती मांडणी) बनवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

घरी चालतं आणि स्टेजवरच बिघडतं, म्हणजे संशय यंत्राच्या आत कमी आणि बाहेर जास्त घ्यायचा. रबराखालच्या सेन्सरला फक्त धक्का कळतो. तो स्टिकचा आहे की रॅकच्या पाइपमधून चढलेला, हे त्याला कळायचं कारण नाही. तुमचे टॉम, क्लॅम्प आणि पॅड एकाच सांगाड्यावर आहेत. त्यात स्टेज पोकळ फळ्यांचं असेल आणि शेजारी सबवूफर घुमत असेल तर बघायलाच नको.

पडताळा सोपा आहे. पॅड रॅकवरून काढा, जाड फोमवर किंवा घडी घातलेल्या ब्लँकेटवर खुर्चीत ठेवा आणि कोणाला तरी शेजारी किक जोरात मारायला सांगा. भुताटकी थांबली तर दोषी रॅक. नाही थांबली तर पॅडला जोडलेले बाहेरचे ट्रिगर (ड्रमवर लावून त्याचा आघात यंत्राला कळवणारे सेन्सर) उपसा आणि पुन्हा बघा. आता थांबली तर गडबड त्या ट्रिगरची, केबलची किंवा त्या इनपुटच्या सेटिंगची. आणि काहीच जोडलेलं नसताना, आजूबाजूला शांतता असतानाही पॅड वाजत असेल, तर मात्र खरंच दुरुस्तीला न्या. त्या वेळी मी तुम्हाला अडवणार नाही.

आता सेटिंग्ज. थ्रेशोल्ड म्हणजे किती हलक्या धक्क्यापर्यंत दुर्लक्ष करायचं ती पायरी. किक चालू ठेवून ज्या पॅडवर भूत येतं त्याचाच थ्रेशोल्ड एकेक अंकाने वाढवत न्या आणि आवाज बंद झाला की तिथेच थांबा. मग हलके स्ट्रोक वाजवून बघा. ते गिळले जात असतील तर थ्रेशोल्डने हा प्रश्न सुटणार नाही, पॅड वेगळ्या स्टँडवरच न्यावा लागेल.

क्रॉसटॉक कॅन्सलला मात्र हात लावू नका. हे ठासून सांगतोय, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथूनच सुरू झालं. क्रॉसटॉक कॅन्सल पॅडच्या स्वतःच्या सेन्सरची आपसात तुलना करतं: एकाच क्षणी दोन ठिकाणी धक्का आला, तर कमजोर धक्का शेजाऱ्याचा समजून दाबून टाकतं. साध्या किक ड्रमला ट्रिगर नसेल तर तो यंत्राच्या हिशेबातच नसतो. मग तुलना कशाशी करणार? तुम्ही ते कितीही वाढवा, किकचा हादरा जसाच्या तसा येणार, उलट दोन हातांनी दोन पॅड एकत्र वाजवले की त्यातला एक गायब होणार.

मी ज्या सर्व्हिस सेंटरला गेलो होतो (नाव घेत नाही, उगाच वाद नको) तिथे नेमकं हेच केलं. त्यांची तपासणी म्हणजे शांत खोलीत, टेबलावर पॅड ठेवून एका स्टिकने टकटक. शेजारी ड्रम नाही, रॅक नाही, काही नाही. किकमुळे वाजतो असं मी काउंटरवर सांगत होतो आणि समोरचा माणूस जॉबशीटवर ‘पॅड सेन्सिंग प्रॉब्लेम’ एवढंच लिहीत होता. क्रॉसटॉक वाढवून पॅड परत मिळाला. आता भूतही होतं आणि दोन हातांचा स्ट्रोकही पडेना. पुन्हा नेला तर सेन्सर शीट बदलली, तिचे पैसे घेतले. फोन करावा तर इंजिनिअर साहेब कायम बाहेर. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

डेटाचं काय, हे मी पॅड देताना स्पष्ट विचारलं होतं. ‘डेटाला काही होत नाही’ असं उत्तर मिळालं. शीट बदलल्यावर त्यांनी फॅक्टरी रिसेट मारला. मूळ आवाज कॉम्प्युटरवर होते, ते गेले नाहीत. गेली ती मांडणी. रोलँडच्या २०११ साली आलेल्या एसपीडी-एसएक्स या सॅम्पलिंग पॅडमध्येच शंभर किट मावतात, प्रत्येकात नऊ पॅड, आणि दर पॅडची पातळी, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे), म्यूट ग्रुप (एक वाजला की दुसरा बंद), लूप की वन-शॉट (एकदाच वाजणारा) हे सगळं वेगळं. ते तालमीची रेकॉर्डिंग्ज ऐकत पुन्हा उभं करायला लागलं, आणि काही पातळ्या आजही आधीसारख्या जमलेल्या नाहीत. रोलँडच्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये, म्हणजे १९८५ च्या पॅड-८ मध्ये, स्वतःचा आवाजच नव्हता. तो मिडीवरून (डिजिटल वाद्यांची आपसातली भाषा) दुसऱ्या यंत्राला फक्त हुकूम द्यायचा. सॅम्पलिंग पॅडच्या पोटात मात्र तुमचा सगळा संसार असतो. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी फक्त वेव्ह फाइल्स नाहीत, तर किटसकट पूर्ण बॅकअप घ्या आणि जॉबशीटवर ‘विचारल्याशिवाय रिसेट करू नये’ असं त्यांच्याच हाताने लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाले तर यंत्र उचला आणि बाहेर पडा.

खरं कारण सापडलं ते एका साउंड इंजिनिअरमुळे. साउंडचेकमध्ये त्याने रॅकच्या आडव्या पाइपवर दोन बोटं टेकवली आणि मला किक मारायला सांगितली. मग माझी बोटं तिथे ठेवायला लावली. पाइप प्रत्येक किकला थरथरत होता. पॅड वेगळ्या स्टँडवर घेतला, पायांखाली जाड रबर घातलं, थ्रेशोल्ड जरासा वाढवला, बास. यंत्र पहिल्यापासून धडधाकट होतं.

लूप मागे पडण्याचं कारण बहुतेक वेगळं आहे. तुम्ही लूप एमपी३ वरून वेव्हमध्ये बदलून घेतलेत असं लिहिलंय. एमपी३ बनवताना आणि उलगडताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घुसते. ती साधारण ११०० सॅम्पलची असते (इथे सॅम्पल म्हणजे डिजिटल आवाजाचा एक बारीकसा ठिपका), म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला, सेकंदाला ४४,१०० ठिपक्यांच्या हिशेबाने, सुमारे २५ मिलिसेकंद. आवाज एवढ्या वेळात साडेआठ मीटर जातो. लूप जणू तेवढ्या लांबून येतोय, मग तो मागे वाटणारच. एडिटरमध्ये झूम करून पहिला आघात जिथे उठतो तिथे कापा, पण लाट शून्य रेषेला छेदते त्या जागी, नाहीतर टिक्क असा आवाज येईल. काही सॉफ्टवेअर ही शांतता स्वतःच काढून टाकतात, म्हणून डोळ्यांनी बघून मगच कापा.

लूप आणि ट्रॅक असलेल्या पॅडवर डायनॅमिक्स (जितका जोरात हात तितका मोठा आवाज) बंद ठेवा. नाहीतर घाईत हात हलका पडला की अख्खा ट्रॅक दबक्या आवाजात सुरू होतो आणि गायक तुमच्याकडे वळून बघतो. एका आघाताचे दोन आवाज येत असतील तर तो रिट्रिगर (एकाच आघाताला पुन्हा वाजणं) आणि मास्क टाइमचा (एका आघातानंतर पुढचे धक्के किती वेळ दुर्लक्षायचे) विषय. मास्क टाइम फार वाढवलात तर फ्लॅम (जवळजवळ एकत्र पडणारे दोन स्ट्रोक) आणि रोल (सलग झपाट्याने पडणारे स्ट्रोक) मरतील. अडॅप्टर दुसरा वापरणार असाल तर व्होल्टेजबरोबर पोलॅरिटीचं चिन्हही जुळवा. पिन बसते म्हणून लावू नका. आणि मिक्सरवर तुमची एकच चॅनेल घेत असतील तर स्टिरिओ लूप आधी मोनोत ऐका, काही रुंद आवाज तिथे चक्क नाहीसे होतात.

फोमवरची चाचणी करा आणि काय झालं ते लिहा. सोबत मॉडेल, सध्याचा थ्रेशोल्डचा अंक आणि किकला ट्रिगर लावलाय का हेही सांगा. ट्रिगर असेल तर मी वर क्रॉसटॉकबद्दल लिहिलेलं तुम्हाला जसंच्या तसं लागू होणार नाही.