गिधाडं, बाबांचं रजिस्टर आणि तुझे चौदा पेपर

पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. मी जागीच होते, पण मुद्दाम उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळेला दिलेला सल्ला सकाळी आपला आपल्यालाच पटत नाही. चौदा रिसर्च पेपरच्या पीडीएफ पाठवल्यास एकदम! तीन एआयच्या, दोन जीनोमच्या, एक कुठल्याशा सुपरकंडक्टरची, एक गिधाडांची, बाकी काय काय, आणि खाली एकच ओळ, मॅडम यातलं कशात पीएचडी करू, सगळं इतकं फास्ट चाललंय की मी मागे पडतेय असं वाटतं. कोणाच्या मागे ते काही लिहिलं नाहीस. असो.

विषय मी सांगणार नाही. दोन वर्षं एमएस्सीला शिकवलं म्हणून तुझ्या पुढच्या पाच वर्षांवर माझा हक्क लागत नाही. पण एक गोष्ट खटकली ती सांगते. चौदाही पेपरांबद्दल तू मला "यांना काय सापडलं" एवढंच लिहिलंयस. त्यांना जे दिसलं त्याला दुसरं काय कारण असू शकलं असतं, आणि ते दुसरं कारण नाही हे त्यांनी कशावरून ठरवलं, हे एकाही ठिकाणी नाही. माझ्या मते पेपरात वाचण्यासारखं तेवढंच असतं, बाकीचं काय ते बातमीत येतंच.

गिधाडांचंच घे, तुझ्या यादीत तो पेपर अकराव्या नंबरला होता, मी असते तर पहिला ठेवला असता. नव्वदच्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडं मोजत होते. त्यांनी तिथं आधी ऐंशीच्या दशकातही मोजणी केली होती म्हणून फरक लगेच डोळ्यात आला, घरटी रिकामी, झाडाखाली मेलेले पक्षी, आणि जिवंत होते ते मान टाकून बसलेले. पुढे हिशोब लागला तेव्हा 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात 99 टक्क्यांहून जास्त संपलेली होती. आता तू तिथं असतीस तर तुला पहिला संशय कशाचा आला असता? व्हायरसचा. सगळ्यांना तोच आला, आणि त्यात चूक काहीच नाही, एवढ्या मोठ्या मुलखात एवढ्या वेगानं मरतंय म्हणजे साथच असणार. त्या व्हायरसच्या मागे बरीच वर्षं गेली, कीटकनाशकं तपासली, जड धातू तपासले, काही म्हणता काही हाताला लागेना.

मग पाकिस्तानातल्या पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या टीमनं वेगळाच प्रश्न विचारला. मेलेल्या गिधाडांची किडनी गेलेली असायची, आतल्या अवयवांवर युरिक अॅसिडचा पांढरा थर, म्हणजे किडनीला मारणारं काहीतरी पोटातून जातंय. गिधाड खातं काय, तर मेलेली ढोरं. मग ढोरांना काय देतात? हे विचारायला ते कुठल्या मोठ्या लॅबमध्ये नाही गेले, गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधाच्या दुकानांत गेले. किडनीला घातक, तोंडावाटे गेलं तरी अंगात भिनणारं आणि नव्यानंच बाजारात आलेलं, अशा तिन्ही अटी लावल्या तेव्हा यादीत एकच नाव उरलं, डायक्लोफिनॅक. सांधेदुखीला आपण घेतो तेच.

आणि आता जी ओळ मी वर्गात तीनदा वाचून दाखवते ती. किडनी गेलेली 25 गिधाडं तपासली, पंचवीसच्या पंचवीस जणांत डायक्लोफिनॅक सापडलं. दुसऱ्या कारणानं मेलेली 13 तपासली, एकातही नाही. तरीही ते थांबले नाहीत बरं का, कारण एवढं जुळूनही कोणी म्हणू शकतं की आजारी पक्ष्यात औषध साठून राहत असेल, म्हणजे औषधानं आजार नाही तर आजारानं औषध. म्हणून मग परत सोडता न येणाऱ्या गिधाडांना औषध दिलेल्या ढोरांचं मांस घालून बघितलं. त्यातलीही बरीचशी तशीच मेली. 2004 ला 'नेचर' जर्नलमध्ये आलं, 2006 ला भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचं दुसरं औषध गिधाडांना चालतं हेही छापून आलं, तो पेपर कोणी आठवत नाही, पण माझ्या लेखी तो निम्मा मोलाचा तरी आहे, कारण नुसतं "हे देऊ नका" म्हणून लंगडणारा बैल बरा होत नाही.

गोष्ट इथं संपली असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मग 2024 ला अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये, हो अर्थशास्त्राच्या, इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा पेपर आला, तुझा अकरावा नंबर. गिधाडं गेली, मेलेली ढोरं तशीच कुजत पडायला लागली, त्यानं माणसांचं काय झालं? त्यांनी देशातले जिल्हे दोन गटांत टाकले, जिथं गिधाडं भरपूर राहू शकायची ते आणि जिथं मुळातच फारशी नव्हती ते. नव्वदच्या मध्यापर्यंत दोन्ही गटांतला मृत्युदर जोडीनं चाललेला, औषध स्वस्त होऊन गावोगाव पोचलं आणि पहिल्या गटात तो चार टक्क्यांहून जास्त वर सरकला. 2000 ते 2005 एवढ्या पाच वर्षांत साधारण पाच लाख जास्तीचे मृत्यू असा त्यांचा अंदाज. वाचून मी पुस्तक मिटतात तसा लॅपटॉप मिटला होता.

पण घाबरून झाल्यावर परत उघडला आणि तोच प्रश्न, दुसरं काय असू शकतं? त्या जिल्ह्यांत दवाखानेच कमी असतील, पाऊस पडला नसेल, गरिबी वाढली असेल. तर बघ, म्हणूनच ते दोन गट आणि आधीची वर्षं. गरिबी आधीपासून होती तर आधीही फरक दिसायला हवा होता. शिवाय कुत्री वाढली का, रेबीजच्या लसीचा खप वाढला का, पाण्याची प्रत बिघडली का, हेही वेगवेगळ्या आकड्यांतून तपासलं. एकेक पुरावा तसा लंगडाच आहे, पण सगळे एकाच दिशेला लंगडतायत! पाच लाख हा आकडा मी तरी जपूनच सांगते, तो अंदाजच आहे, त्यांनीही तसाच सांगितलाय.

आता यात विषय कुठला ते सांग. पक्षिशास्त्र, पॅथॉलॉजी, औषधशास्त्र, अर्थशास्त्र? मुंबईत पारशी मंडळी डुंगरवाडीवर मृतदेह गिधाडांसाठी ठेवायची, गिधाडं गेल्यावर तिथं सौर काचा बसवाव्या लागल्या तो भाग धरला तर आणखी एखादा. प्रश्न चालत राहिला, माणसं वाटेत भेटत गेली.

एआयबद्दल तू जे लिहिलंयस, की आता हातानं प्रयोग करणारे संपले, त्यावर मला जरा रागच आला. अल्फाफोल्ड या प्रथिनांचा आकार ओळखणाऱ्या एआय प्रोग्रॅमला 2024 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, हासाबिस आणि जंपर, आणि अर्धं डेव्हिड बेकरना प्रथिनं डिझाइन करण्यासाठी, ते योग्यच झालं. पण तो प्रोग्रॅम शिकला कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, जी 1971 पासून लोक भरतायत, एकेका प्रथिनाचे क्रिस्टल करण्यात लोकांच्या पीएचड्या गेल्यात, अशी दीडेक लाखाहून जास्त स्ट्रक्चर्स. ते जेवण आधी कोणीतरी रांधलं होतं म्हणून मशीन जेवली. आणि अजून एक, तू पाठवलेल्या त्या चित्रात निळा भाग आणि केशरी भाग आहे ना, तो रंग शोभेचा नाहीये, केशरी म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच सांगतोय की इथं माझा मला भरवसा नाही. तू नेमका त्या केशरी शेपटावर बाण काढून "इंटरेस्टिंग!!" लिहिलंयस.

हरियाणातल्या राखीगढीच्या, म्हणजे हडप्पा काळातल्या सांगाड्यांच्या पेपरबद्दल मात्र तुझं थोडं चुकलंच, पण तुझं एकटीचं नाही, सप्टेंबर 2019 ला निम्म्या चॅनलांनी तेच केलं. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्यात होते म्हणून इकडे जास्तच गाजलं. 61 नमुने तपासले, एकाच बाईच्या हाडातून कामापुरता डीएनए निघाला, आणि तिच्यात स्टेपवरच्या, म्हणजे युरेशियातल्या गवताळ मैदानांवरच्या, पशुपालकांचा अंश नव्हता. लगेच बातमी, बाहेरून कोणी आलंच नाही सिद्ध झालं! अगं, ती बाई साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची. त्याच दिवशी 'सायन्स' जर्नलमध्ये पाचशेहून जास्त प्राचीन माणसांचा दुसरा पेपर आला, त्यातले बरेच लेखक तेच, आणि त्यात म्हटलंय की स्टेपचा अंश इकडे इसवीसनपूर्व 2000 नंतर आला. म्हणजे जे पाहुणे आलेच नव्हते त्यांच्या चपला दारात कशा दिसणार. बरं, एका सांगाड्यावर एवढं कसं बोलता हा प्रश्न लेखकांनाही पडला होता, म्हणून त्यांनी इराण-तुर्कमेनिस्तानच्या बाजूला सापडलेली, तिच्याशी जुळणारी आणखी 11 माणसं शेजारी ठेवली. ते पुरेसं आहे का यावर तुझं माझं भांडण होऊ शकतं, आणि ते झालं तर मला आवडेल, पण ते भांडण पेपर वाचून होऊ दे.

सुपरकंडक्टरवालं, एलके-99, ते सोडून दे. जुलै 2023 ला कोरियातून आलं, खोलीच्या तापमानाला विजेचा रोध शून्य म्हणे, महिनाभरात दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसकट जगभर लोकांनी करून बघितलं आणि नाही निघालं. रोध एकदम पडताना दिसत होता तो आत राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. मला त्यात वाईट काही दिसत नाही, शास्त्र असंच चालतं, फक्त तू त्यावर करिअर ठरवायला निघाली होतीस.

त्यापेक्षा 2011 चा न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा किस्सा वाच. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत 730 किलोमीटर, आणि न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोचले. त्या लोकांनी काय केलं, आम्हाला चूक सापडत नाहीये तुम्ही शोधा म्हणून जगासमोर ठेवलं. काही महिन्यांनी सापडली, एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट पिळून बसवलेली नव्हती. लोक हसले. मला नाही हसू आलं, कारण माझीही अशी एक केबल आहे.

ती कोणाला सांगितली नव्हती आजवर. माझ्या पीएचडीत मी माशांच्या यकृतातलं एक एन्झाइम मोजत होते आणि रोज दुपारी तीननंतर त्याचा वेग वाढायचा. पाच महिने! मी माशांचं दिवसाचं चक्र सापडलं म्हणून पेपरचा मसुदासुद्धा लिहिला, गाईड खूश, मी तर हवेत. एक दिवस लॅबमधले शिपाई मामा टेबल पुसता पुसता म्हणाले, म्याडम ते पाण्याचं भांडं जरा सरकवू का, दुपारी खिडकीतून पार त्याच्यावर ऊन येतं. वॉटर बाथचा थर्मोस्टॅट जुना, तीनला ऊन आलं की पाणी दोन-अडीच डिग्रीनं तापायचं, एन्झाइम बिचारं त्याचं काम करत होतं. मसुदा फाडला आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाही. पण तेव्हापासून कुठलाही ग्राफ दिसला की आधी खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघते.

आकडा बदलला की तुला फसवल्यासारखं वाटतं असंही लिहिलंयस. तुझ्या घरापासून तासाभरावर लोणारचं उल्केचं विवर आहे, शाळेत तुला ते 52 हजार वर्षांपूर्वीचं म्हणून शिकवलं, मलाही. 2011 ला आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं तर 5 लाख 70 हजार. आधीचे लोक खोटं नव्हते बोलत, त्यांचं घड्याळ वेगळं होतं, खनिज शेवटचं तापलं तेव्हापासून त्यात साठलेल्या उजेडावर ते चालायचं. दोन्ही घड्याळं कशी चालतात ते शोधून काढ, दोन संध्याकाळी लागतील, पण तुझ्या चौदा पीडीएफपेक्षा जास्त कळेल.

किरकोळ दोन गोष्टी. त्या तीन दिवसांत छापून देणाऱ्या, आधी पैसे मागणाऱ्या जर्नलच्या मेलला उत्तर देऊ नको, कितीही "रिस्पेक्टेड प्रोफेसर" म्हणोत, तू अजून प्रोफेसर नाहीस हेही त्यांना माहीत नाही. आणि पेपरला पैसे मागतात म्हणून रडू नको, 2025 पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना चालू झालीय, तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स आहेत त्यात, कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन आपलं नाव त्यात आहे का विचार. तिथल्या लोकांना कोणी विचारतच नाही.

आता तुझं काम. तुझे बाबा तीस वर्षं पशुवैद्यकीय दवाखान्यात होते, तूच सांगितलंस की ते स्वतःचं वेगळं रजिस्टर ठेवायचे, कुठल्या गावात कुठल्या जनावराला काय टोचलं त्याचं. 2000 ते 2010 ची रजिस्टरं माळ्यावर असतील तर काढ. म्हशीला दगडी होऊन कास सुजली, बैल लंगडतोय, अशा वेळी ते काय द्यायचे, ते कधी बदललं, बंदीचं पत्र आलं म्हणून बदललं की दुकानात मिळेनासं झालं म्हणून, हे त्यांना विचार. जपून विचार हं, चौकशी केल्यासारखं नको, त्या वेळी ते औषध देणारा प्रत्येक जण जनावराचं भलंच करत होता. मेलेली ढोरं टाकायची जागा कुठे होती आणि तिथं शेवटचं गिधाड कधी बघितलं तेही विचार. लिहून घे, तारखा आठवत नसतील तर कुठल्या पोळ्याच्या आधी, कोणाच्या लग्नाच्या वर्षी असं लिही.

मग रविवारी फोन कर. दहानंतर, त्याआधी नळाला पाणी येतं.

तुझी,
मॅडम